फडक्याखालची पाटी

हे कुणाला सांगायचं नाही, असा शब्द मी शिपाईमामांना दिलाय. पण तुम्ही मैत्रिणीच, म्हणून सांगते.

शहापुरातल्या आमच्या गल्लीत नवा डांबरी रस्ता झाला. सोमवारपासून रस्त्यावर मागाच्या उभ्या सुताचा ताणा पसरायला बंदी, अशी पाटी लागली. ती सोमवारी साहेब उघडणार म्हणून तिच्यावर फडकं बांधलं होतं. रविवारी माझ्या वडिलांनी, आप्पांनी, लग्नाच्या लुगड्यांचा ताणा नेहमीसारखा रस्त्यावर ताणला आणि सुताला खळ लावली. तेवढ्यात शिपाईमामा आले.

"उचला हे."

"ओलं हाय मामा. आत्ता उचललं तर सगळं सूत चिकटून वाया जाईल," आप्पा म्हणाले.

"पाटी दिसत न्हाय व्हय?"

शाळेत बाईंपुढंही न बोलणारी मी बोलले, "न्हाय दिसत मामा. फडकं हाय."

मामांनी फडक्याला हात घातला.

"काढा की. साहेबांच्या आधी कुणी उघडली, ते उद्या त्यांनाच सांगते मी."

मामांनी हात मागं घेतला. आप्पा हसू दाबत म्हणाले, "उभंच हाईसा, तर हे टोक तरी धरा." मामांनी काठी काखेत धरली, ताण्याचं टोक हातात घेतलं आणि सूत वाळेपर्यंत भर रस्त्यात तसेच...

"शांते, शिपाईमामा आल्यात. चहा आण गं," आप्पांची हाक आली.