सर्व्हर हलवला त्या दुपारी

(इंदिरानगर, नाशिक. दुसऱ्या मजल्यावरचं एका खोलीचं ऑफिस, पुढे गॅलरी.)

मयूर : तरी मला पटलेलं नाही, कौसरताई. हा सर्व्हर आपल्या डोळ्यांसमोर आहे. बंद पडला तर उठून चालू करता येतो. भाड्याने घेतलेला मुंबईत कुठल्या इमारतीत आहे, तेसुद्धा आपल्याला माहीत नाही.

कौसर : कुणालाच माहीत नाही, म्हणून तर घेतला. मागे लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, आणि नेमकं तेव्हाच पेठच्या त्या बाईने मदतीचं बटण दाबलं. आपलं ॲप बंद. एकाही शेजारणीच्या फोनवर घंटी गेली नाही. नवऱ्याने विळा चालवला तिच्यावर.

मयूर : आठवतंय मला.

कौसर : मग? सगळं पोचलं का तिकडे?

मयूर : पोचलं. बायकांची नावं, फोन, कोण कुणाकडे आसऱ्याला आहे, सगळं. ॲपही तिकडे वळवलं. आता इथलं पुसून टाकतो, म्हणजे... ताई, कोणीतरी आलंय.

खंडेराव : ‘हाक’ ॲपवाले तुम्हीच का?

कौसर : हो. आपण?

खंडेराव : खंडेराव. सिन्नरहून आलो. सविताचा नवरा. तुमच्या वेबसाइटवर हितला पत्ता लिव्हलाय. कुठं हाय ती?

मयूर : दादा, बाई कुठे आहे ते आम्ही घरच्यांना सांगत नाही. आणि ती लोखंडी टॉमी आधी खाली ठेवा, इथे...

खंडेराव : घरच्यांना नाय सांगत? मंग हे घे.

मयूर : आई गं. हात... ताई, हात मोडला माझा.

कौसर : मागे व्हा. मागे व्हा म्हणते. त्या पोराने तुमचं काय केलंय?

खंडेराव : अजून कायच नाय केलं मी. पुढचा फटका डोक्यात बसंल त्याच्या. बायको कुठं हाय?

कौसर : तिचा जबडा फोडलात तुम्ही. दवाखान्यात पाहिलं मी तिला. तोंड उघडत नव्हतं, नळीने दूध देत होते.

खंडेराव : माझी बायको हाय. मी काय करीन ते माझं मी बघीन. दवाखान्यातून कुठं नेली?

कौसर : मला नाही माहीत. कोणाला कुठे ठेवायचं ते ॲप ठरवतं. ते सगळं त्या मशीनमध्ये आहे.

खंडेराव : ह्या डब्यात? मंग उघड.

कौसर : पासवर्ड माझ्याकडे नाही.

खंडेराव : याच्याकडं असंल. काय रे? बोलत नाय? पाय पसर मंग.

मयूर : नको, दादा, नको... आई, गुडघा. थांबा, उघडतो. ताई, मला नाही सहन होत. उघडून देतो मी.

कौसर : मयूर, गप्प राहा.

मयूर : मारून टाकेल तो मला.

खंडेराव : बरोबर बोलतंय पोरगं. बस खुर्चीवर. एक हात चांगला हाय ना, त्यानं दाब बटणं. आन् बाई, तू तिकडं काय करतीस? वायरी का उपटल्या?

कौसर : मयूर, बाजूला हो.

खंडेराव : ठेव ते मशीन. गॅलरीत कुठं चालली? हे धरले तुझे केस, ठेव म्हणतो ना खाली.

कौसर : ओ, खालचे, सरका. सगळे बाजूला सरका.

खंडेराव : खालीच टाकलं हिनं. खरंच टाकलं. ये इकडं. केस सोडून आता तुझा गळाच धरतो.

कौसर : धरा. तिचा पत्ता... आता कुणाच्याच... हाती लागत नाही.

मयूर : सोड तिला. वर या कोणीतरी, दुसऱ्या मजल्यावर, तो जीव घेतोय तिचा. रंगनाथकाका, गॅरेज सोडून वर या.

खंडेराव : सोडा मला. घरचा मामला हाय माझा. तुम्ही कोण मधी पडणारे? हात सोडा म्हणतो.

मयूर : ताई, डोळे उघडा. नेलं त्याला. गॅरेजवाल्या रंगनाथकाकांनी आणि पोरांनी जिन्यात दाबून धरलाय. पोलीस निघालेत. तुमच्या कानामागून रक्त येतंय.

कौसर : ओढणी दाबते. तू हात हलवू नकोस. माझा फोन कुठेय?

मयूर : आधी दवाखाना.

कौसर : आधी फोन. चाचणीचं बटण दाबू दे, शेजारणींना घंटी जाते का बघते... हॅलो, बिलकिसआपा? नाही, मी बरी आहे, आवाज बसलाय जरा. तुमच्या फोनवर घंटी आली का आत्ता? आली ना? बस, एवढंच बघायचं होतं. आली, मयूर. नवीन सर्व्हर चालतोय.

मयूर : त्याला वाटतंय, सगळं त्या डब्यात फुटलं.

कौसर : वाटू दे.

मयूर : पण उद्या सुटून आला तर? तो आता थांबायचा नाही.

कौसर : म्हणून सविताला आजच दुसरीकडे हलवायचं. तुला दवाखान्यात सोडते आणि तशीच जाते.

मयूर : मग आधी तिचा पत्ता काढावा लागेल. लॅपटॉप घ्या, मी सांगतो कसा काढायचा.

कौसर : नको. लागणार नाही.

मयूर : म्हणजे?

कौसर : मीच सोडून आले होते तिला तिथे.

मयूर : तुम्हाला ठाऊक होतं?

कौसर : हो.

मयूर : तो माझा गुडघा फोडत होता, ताई. तुम्ही समोर उभ्या होतात.

कौसर : हो. उभी होते.

मयूर : सरका, माझं मी उठतो.

कौसर : काय म्हणायचंय ते म्हण.

मयूर : मला माहीत असतं ना, तर मी पहिल्याच फटक्याला सांगितलं असतं.

कौसर : रिक्षा आली. माझ्या खांद्यावर भार टाक. हळू, एकेक पायरी.

मयूर : ताई, तिला आता कुठे नेताय, ते मला सांगू नका.