बटणाला मी हात लावलेला नाही

…आणि वर मलाच विचारतो, "आई, नक्की आठवतंय ना तुला?" अरे मेल्या, आठवतंय म्हणजे काय? तुझ्या जन्माच्या वेळी ओढ्याला पूर आला होता आणि तुझ्या बापानं मला ट्रॅक्टरवर बसवून पलीकडे नेलं, तेव्हा ट्रॅक्टरचा कुठला गियर अडकला होता तेसुद्धा आठवतंय मला! आणि परवाच्या दिवशी गाडीचं एक बटण दाबलं की नाही, ते आठवणार नाही? तुम्हाला सांगते, ऐका, अगदी स्वच्छ सांगते… बटणाला मी हात लावलेला नाही! काच आपली आपणच खाली येते!

नाही, तुम्ही हसू नका. आधी पुरतं ऐकून घ्या. हसायला आमचा ग्रॅहम आहे ना तिकडे ब्रिस्बेनला, विम्याच्या कचेरीत, थंडगार खोलीत. एकुलता एक मुलगा. बाप गेल्यावर त्यानंच ही गाडी आणून दारात उभी केली. "आई, आता बाबांचा जुना खटारा नको. ही सुरक्षित आहे. सगळं विजेवर." सगळं विजेवर! काच वर-खाली करायला वीज! अहो, हात आहेत ना माणसाला? आमच्या ह्यांच्या, टेडच्या खटाऱ्याला हँडल होतं. फिरवलं की काच खाली, उलटं फिरवलं की वर. त्यात बिघडायला होतं काय? हँडल तुटलं तर पक्कड लावून फिरवत होतो, पक्कड हरवली तर काट्याचमच्यातला चमचा. मी शाळेत गेले ती अगदी दोन वर्षं, पुढचं सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पुस्तक एकीकडे आणि उघडलेलं इंजिन दुसरीकडे. मला कुणी सांगायचं गाडीतलं?

तर झालं काय, की आमच्या रस्त्यात ग्रिड आहे. गुरांनी हद्द ओलांडू नये म्हणून रस्त्यात खड्डा करून वर आडवे रूळ टाकतात ना, ते. गाडी जाते, गाय जात नाही. आणि ते हळू ओलांडायचं नसतं हां! हळू गेलं की एकेक रूळ कवळीपर्यंत पोचतो. दणकून जायचं, की चाकं वरच्यावर जातात. तशी मी टपालाच्या दिवशी, इथे टपाल रोज थोडंच येतं, दणकून गेले… धडाड्! आणि काच आपली खाली. सर्रकन! बटणाला मी हात लावलेला नाही!

आता तुम्ही म्हणाल, पडली तर पडली, उन्हाळा आहे, वारा येईल. अहो, वारा कसला! काच पडली हे दुखणं नव्हेच. दुखणं हे, की ग्रिडच्या पलीकडे उभी कोण होती? ड्युल्सी हॅगर्टी!

ड्युल्सी म्हणजे माझी शेजारीण. शेजारीण म्हणजे तिच्या घराचं छप्परसुद्धा माझ्या घरून दिसत नाही, पण हद्दीला हद्द लागलेली. ती लवकर जाऊन टपाल घेऊन परत येते, मी घ्यायला निघते, आणि ग्रिडवर एका वेळी एकच गाडी मावते, म्हणून एकीला थांबावं लागतं. थांबते ड्युल्सी. आणि आमचं बोलणं नाही. का नाही? टेडच्या मातीच्या दिवशी, चर्चच्या हॉलमध्ये, हातात माझ्याच हातचा केक घेऊन ही बया गॅरेजवाल्या मर्व्हच्या बायकोला सांगत होती, "एकटीला झेपायचं नाही हिला. ख्रिसमसच्या आत विकून किनाऱ्याला जाते की नाही बघ." माझ्या पाठीमागे! मला दिसत कमी असेल, ऐकू व्यवस्थित येतं. त्यानंतर किती ख्रिसमस गेले! मी एक एकर विकला नाही आणि ड्युल्सीसाठी एक बोट उचललं नाही.

बोट म्हणजे, आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. बस, झाली विचारपूस. शत्रूलासुद्धा उचलतात. मी नाही उचललं! समोर बघायचं, काच वर, आणि धूळ उडवत पुढे. पण काच खाली केली ना, तर त्याचा अर्थ एकच. थांब, बोलायचंय. मग दोन्ही गाड्या भर रस्त्यात, खिडकीला खिडकी लावून, इंजिनं चालू आणि तोंडंही चालू. मागून कुणी आलंच तर तोही उतरून गप्पांत येतो. आणि इथे माझी काच, इतक्या वर्षांनी, ड्युल्सीच्या तोंडासमोर, सर्रकन खाली!

थांबावं लागलं. हो, म्हणजे… धूळ आत आली असती ना. थांबले. बटण दाबतेय, वर ओढतेय, काच ढिम्म. इंजिन बंद करून परत चालू केल्याशिवाय वर येत नाही ती मग, हे मला पुढे कळलं. तोवर ड्युल्सी बघतेय माझ्याकडे. टोपी मागे सारली, घसा खाकरला आणि म्हणाली, "गरम होतंय."

आता गरम होतंच होतं. खोटं कसं बोलणार? मी म्हटलं, "हं."

झालं! पुढच्या टपालाला पुन्हा धडाड्, पुन्हा सर्रकन, पुन्हा ड्युल्सी. या वेळी तिनं खिडकीतून लिंबांची पिशवीच आत दिली. "झाड लवलंय नुसतं. घे." त्याच्या पुढच्या टपालाला पावसाचं. मग तिच्या गुडघ्याचं. मग माझ्या गुडघ्याचं! आणि मी दर वेळी मनात ओरडतेय, अगं बाई, बटणाला मी हात लावलेला नाही!

गेले मर्व्हकडे. मर्व्हचं वॉलगारीत गॅरेज आहे, गावात एकच, म्हणून तो स्वतःला डॉक्टर समजतो. गाडीत बसला, काच वर, काच खाली, वर, खाली, पंचवीसदा. "नोरीन, ठणठणीत आहे की!" मी म्हटलं, "ग्रिडवर पडते." "मग ग्रिड घेऊन ये इकडे!" आणि हसला, ते पोट हलवत. वर विचारतो, "रोज पडते?" म्हटलं, "नाही, टपालाच्या दिवशी." "कुणी असतं बरोबर?" "समोर ड्युल्सी असते." तर कपाळावर आठ्या आणून म्हणतो, "तुम्ही दोघी तर बोलत नाही ना?"

बघा! म्हणजे मी जितकं खरं सांगावं तितकं ते वेडगळ वाटतं!

आणि ते खरं मी टेलिफोनवर ग्रॅहमला सांगून बसले. आमच्याकडे पंचाहत्तरी उलटली की गाडी चालवायला दर वर्षी डॉक्टरनं हो म्हणावं लागतं. तो महिना जवळ आलेला. ग्रॅहम विमान पकडून आला तो बॅगेत गुळगुळीत रंगीत पत्रकं घेऊनच. किनाऱ्यावरचं म्हाताऱ्यांचं वसतिगृह. "आई, बाग आहे, सिनेमा आहे, मंगळवारी सामुदायिक गाणी आहेत… आणि मुख्य म्हणजे गाडीची गरजच नाही!" मी म्हटलं, "तुरुंगातही नसते."

मग टेबलावरची टोपली दिसली त्याला. "ही लिंबं कुठली?" "ड्युल्सीनं दिली." फार हळू आवाजात, लहान पोराशी बोलतात ना तसं, म्हणाला, "आई, ड्युल्सीमावशीशी तू बोलत नाहीस. विसरलीस का?"

तुम्हाला सांगते, तिथे मात्र मी स्वतःच्या हातांकडे बघितलं. वाटलं, खरंच का? खरंच दाबत असेन का मी? हात आपणहून जात असेल बटणावर आणि डोक्याला पत्ताच नसेल? माझी आई शेवटी शेवटी रिकाम्या चुलीवर रिकामी किटली ठेवायची आणि आम्हाला चहा प्यायला बोलवायची. ते आठवलं. आणि गाडी गेली म्हणजे काय गेलं, हे शहरातल्याला नाही कळायचं. इथे गाडी गेली की टपाल गेलं, गाव गेलं, गुरांचं पाणी बघायला जाणं गेलं, टेडला माती दिलीय त्या कुंपणापर्यंत जाणं गेलं. उरतात ती मंगळवारची गाणी!

पण मी अशी ऐकून घेणारी नव्हे. ग्रॅहम यायच्या आधीच्या टपालाला मी काय केलं होतं, सांगू? उजव्या हातात ओव्हनचा, गरम भांडी धरायचा मोजा घातला होता. तो जाडजूड, कापूस भरलेला, वर कोंबडा विणलेला. बटण आहे एवढंसं, खिडकीच्या कडेला. मोज्यानं ते दाबणं म्हणजे उशीनं सुईत दोरा ओवणं. घातला मोजा, धरलं स्टिअरिंग, धडाड्… सर्रकन! कोंबडा स्टिअरिंगवरच! म्हणजे बटणाला मी हात लावलेला नाही, माझी खात्री पटली. पण माझी पटून उपयोग काय? साक्षीदार कोण? कोंबडा?

म्हटलं, ग्रॅहम, टपालाचा दिवस आहे, चल, तुझ्या डोळ्यांनी बघ. तर म्हणे, "मी चालवतो." बसले शेजारी. ग्रिड आलं आणि आमच्या चिरंजिवांनी काय करावं? ब्रेक! मुंगीच्या पावलानं… खट्… खट्… खट्… "स्प्रिंगा जपाव्यात, आई." कवळी हातात आली माझ्या! आणि काच? जागच्या जागी. शहाण्या मुलासारखी बसून. ग्रॅहमनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हो. ते जास्त लागलं. हसला असता तर दोन शिव्या हासडल्या असत्या.

समोर ड्युल्सी उभी. मी म्हटलं, "थांबव गाडी." उतरले. धुळीतून चालत तिच्या खिडकीशी गेले. जगात एकच बाई होती जिनं ती काच पडताना पाहिली होती, आणि ती हीच असावी! म्हटलं, "ड्युल्सी, ह्याला सांग. ती काच आपोआप पडते ना? मी नाही पाडत ना?"

तिचा चेहरा… काय सांगू. हातात लिंबांची पिशवी तयार होती. तो हात तसाच राहिला. "आपोआप?" म्हणाली. "म्हणजे तू नाही…?"

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, की इतके दिवस ती काय समजत होती. आणि आता? "हो, मीच काच खाली केली" म्हणावं तर ग्रॅहम पत्रकं घेऊन तयार. "मी नाही" म्हणावं तर हिच्या हातातली ती पिशवी.

ड्युल्सीनं पिशवी मांडीवर ठेवली, टोपी मागे सारली आणि माझ्या डोक्यावरून ग्रॅहमला हाक मारली. "ए ग्रॅहम! इकडे ये. काच आपोआप पडते. ही कुठली बटण दाबतेय माझ्यासाठी! मान मोडली तरी दाबायची नाही! गेल्या टपालाला हातात ओव्हनचा मोजा घालून आली होती, कोंबड्याचा. मोज्यानं दाबता येतं का ते बटण? घालून बघ!"

"मोजा?" ग्रॅहम म्हणाला. "आई, तू मोजा घालून गाडी चालवतेस?"

"ते राहू दे!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

"आणि तू बाजूला सरक," ड्युल्सी त्याला म्हणाली. "तिला चालवू दे. तू ग्रिडवरून असा जातोस जसा काही शवपेटी वाहतोयस."

बसले मी स्टिअरिंगपाशी. गाडी मागे घेतली, चांगली लांब. ग्रॅहमनं पट्टा आवळला, दार धरलं. मी म्हटलं, "दोन्ही हातांकडे बघ माझ्या." आणि सोडली! धडाड्… सर्रकन! लाल धुळीचा लोट आत, ग्रॅहमच्या पांढऱ्या शर्टावर, कानांत, तोंडात. खोकत खोकत म्हणाला, "आई… तू… बटणाला हात लावला नाहीस." मी म्हटलं, "परत म्हण." परत म्हणाला. तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं.

तो तोंड धुवायला पाण्याच्या डब्याकडे गेला, तेव्हा ड्युल्सी खिडकीतून हळूच म्हणाली, "मोजा पाहिला त्या दिवशीच शंका आली होती मला, काच तू पाडत नाहीस म्हणून."

"मग आज पुन्हा लिंबं कशाला आणलीस?"

"काच आपोआप पडत होती, मान्य. पण गाडी? गाडी कोण थांबवत होतं, नोरीन?"

"धूळ आत येते म्हणून थांबत होते."

"थांबलं की आपलीच धूळ मागून येऊन खिडकीत शिरते. तुला माहितेय. जन्म गेला तुझा इथे."

मी म्हटलं, "पिशवी दे इकडे."

मर्व्हनं नंतर दार उघडलं. दाराच्या बिजागरीजवळ रबराची नळी असते, तिच्यातली तार सोलून निघालेली. हादरा बसला की उघडी तार पत्र्याला टेकायची आणि काच खाली. एवढंच! डॉक्टरनंही मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तीन शब्द पाठ करायला लावले, आणि एक वर्ष गाडी चालवायला मोकळी केली. ग्रॅहम पत्रकं टेबलावर विसरून गेला. विसरला बरं का, तो! मी ती चूल पेटवायला वापरली.

परवा टपालाचा दिवस. ग्रिड. धडाड्… आणि काच वरच! हलली नाही. पलीकडे ड्युल्सी, खिडकी उघडी, मांडीवर पिशवी, माझ्या बंद काचेकडे बघतेय. बोटही उचलेना. वाट बघतेय म्हातारी! आता सांगा, काय करायचं माणसानं? एवढा खटाटोप केला, एवढं रक्त आटवलं, काच दुरुस्त करून घेतली… आणि मिळवलं काय? आता दर टपालाला ते मेलं बटण मलाच दाबावं लागतं!