साक्षगंधात शिरलेलं फॉकलंड

...नाई, तुमीच सांगा ना भाऊ! तुमच्या पोरीचं साक्षगंध हाये, हॉल पावन्यायनं गच्च भरला हाये, पोरगा-पोरगी पाटावर बसले हायेत, मागच्या अंगनात रोडगे भाजून तयार, वांग्याच्या भाजीचा वास थेट नाकात शिरून राह्यला, अन् ऐन सुपारी फोडाच्या टायमाले तुमचा सख्खा मोठा भाऊ ते सुपारी मुठीत दाबून म्हनते, ‘थांबा! आधी फॉकलंड कोनाचं ते बोला!’ ...तं मानसानं काय कराव? हासाव का कपाय बडवाव? फॉकलंड! मले तं आधी वाटलं, आमच्या अकोल्यात कौलखेडच्या पुढं कोनता नवीन लेआउट पडला असीन! मी म्हटलं, दादा, प्लॉटचं मंग पाहू, आधी पोरीचं पाहू! तं निंगालं बेट. कुठं? पार खाली, दक्षिणेकडं, जिथं नकाशाचा कागद संपते तिथं! अन् बेट कोनाचं? ना माह्या बापाचं, ना तुमच्या!

तुमाले सांगतो, आमचा किसनदादा म्हंजे जिंदगीभर वावरात राबलेला मानूस. पन गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हने घरी बसा, पोरायनं हातात मोबाइल देल्ला, अन् तवापासून हा बुढा जो वावरातून उठला तो जगाच्या नकाशावर जाऊन बसला! सकायच्या चहासंग एक समुद्र, संध्याकायच्या चहासंग दुसरा. वहिनी सांगते, ‘अवो, पऱ्हाटीवर अळी पडली!’ तं हा म्हनते, ‘थांब वो जरा, इकडं जपान रशियाले बेटं वापस मांगून राह्यला!’ अरे, त्या जपानले काय कमी हाये काय? तुही कपाशी चालली ना अळीच्या पोटात!

अन् समोर कोन? पोराचे वडील, आमचे होनारे इवाई, चांदूर बाजारचे रामराव गुरुजी. उभी नोकरी भूगोल शिकवन्यात गेली. रिटायर झाले, पन भूगोल काही रिटायर झाला नाई! बोलनं असं, की जसे वर्गात फळ्यापाशी उभे हायेत. अन् या दोघायले शेजारी-शेजारी खुर्च्या कोनं देल्ल्या? म्या! म्हटलं, दोघंबी वडीलधारे, दोन गोष्टी करतीन, ओयख वाढन. वाढली ना! अशी वाढली की सोयरीक मोडाले आली!

झालं काय, तं दादानं आपलं गोडीत इचारलं, ‘काहो इवाईबुवा, ते माल्विनास बेट इंग्रज कधी सोडन?’ गुरुजीनं चष्मा सारखा केला. ‘माल्विनास हे अर्जेंटिनानं ठेवलेलं नाव; खरं नाव फॉकलंड. आणि इंग्लंडनं ते का सोडावं? तिथले रहिवासी इंग्लंडकडेच राहू इच्छितात. त्यांनी मतदान केलं आहे.’ झालं! दादा खुर्चीतून असा उठला, की नवा गुडघा कटकन वाजला! ‘मतदान? अहो, अर्जेंटिनाच्या धुऱ्याले लागून बेट हाये, अन् इंग्रज कुठचा? जगाच्या वरच्या टोकाचा! उद्या अकोल्याचा मानूस सेमाडोहात जाऊन चार बकऱ्या बांधीन अन् म्हनीन हे जंगल माहं, तं चालन काय?’ गुरुजी म्हनतात, ‘प्रत्यक्ष वहिवाट महत्त्वाची!’ दादा म्हनते, ‘मंग हाँगकाँग काहून वापस केलं?’ गुरुजी, ‘तिथं करार होता, मक्ता होता, मक्त्याची मुदत संपली!’ ...अन् मी मधात, हातात कुंकवाची वाटी घेऊन, या तोंडाकडून त्या तोंडाकडं पाहून राह्यलो! अन् बेट कोनाचं? ना माह्या बापाचं, ना तुमच्या!

आता आतली गोष्ट सांगतो, कोनाले सांगू नका. दादाले अर्जेंटिनाचा एवढा पुयका कशाचा? अहो, त्याच्या वावराच्या शेजारी चंद्रभानचं वावर. हा चंद्रभान दरसाल वखरताना धुऱ्यातलं, म्हंजे मधातल्या बांधातलं, एक तास, वखराची एक ओळ, आपल्याकडं ओढते. एकच, जास्त नाई! ओढता ओढता दादाचं बोरीचं झाडच त्याच्या वावरात गेलं! आता बोरं चंद्रभान खाते अन् दादा इकडून पाहते. त्या मानसाले इंग्रज दिसला की चंद्रभानच दिसते! अन् गुरुजी? गुरुजीचे चुलतभाऊ गेले नाशिकले, त्यायच्या वाट्याची जमीन कितीक सालापासून गुरुजीच वाहून राह्यले. तो भाऊ दर उन्हायात फोन करते, ‘रामराव, माहा हिस्सा?’ मंग गुरुजीले वहिवाट गोड नाई लागन तं काय कारलं गोड लागन? म्हंजे समुद्र तिकडं, बेट तिकडं, अन् भांडन आपल्या धुऱ्यावरचं!

मंग हॉलात दोन देश झाले ना बाप्पा! आमच्याकडचे सगये अर्जेंटिनात, त्यायच्याकडचे इंग्लंडात. गुरुजीचा एक साळा तं दादाचं बोलनं ऐकून अर्जेंटिनात येऊन बसला. त्याच्या बायकोनं डोये वटारले तसा उठून वापस गेला! सुपारी फुटल्याबिगर पान वाढाचं नाई, अशी आमच्याकडची रीत. लेकरं रडून राह्यली, रोडगे गार होऊन राह्यले, अन् माही बायको आशा मले दाराआडून खुनावून राह्यली, ‘काही तरी करा!’ काय करू? मी कोनत्या देशाचा वकील हाओ काय?

तरी गेलो. हात जोडले. म्हटलं, दादा, गुरुजी, दोघायचंबी राहू द्या, बेट अर्धं-अर्धं करा. तं आतापावेतो एकमेकायच्या जिवावर उठलेले हे दोघं एकदम माह्यावर पलटले! दादा म्हनते, ‘गज्या, तुले काही समजते काय? अर्धं देऊन देऊन तं आपली हे गत झाली!’ गुरुजी म्हनतात, ‘गजेंद्रराव, सार्वभौमत्वाचे तुकडे होत नसतात!’ घ्या! निदान माह्या अकलेवर तं दोघायचं एकमत झालं!

तेवढ्यात गुरुजीची आई, पार्बताबाई, पांढरी झ्याक बुढी, कोपऱ्यातून म्हने, ‘अरे, पन त्या बेटावर हाये तरी काय? सोनं हाये?’ गुरुजी म्हनले, ‘नाही आई. मेंढ्या आहेत. माणसांपेक्षा मेंढ्याच जास्त.’ बुढी पदर सावरून म्हनते, ‘मंग तुमी दोघंबी तिकडं जा. त्यायच्यात दोन वाढतीन. इकडं पोरायचं होऊ द्या!’ अख्खा हॉल हासला भाऊ! पन हे दोघं? हासले असतील तं शपथ! गुरुजीनं टोपी उचलली. म्हनतात, ‘जिथं विचारांचा आदर नाही तिथं संबंध जुळत नाहीत. शिवम, ऊठ.’

तुमाले सांगतो, शिवम चांगला पोरगा हो. दामिनीनं स्वतः पसंत केलेला. चार महिने मी त्याले नाई म्हटलं, पोट्टी घरात जेवत नवती, तवा कुठं मी पाघयलो. अन् आता हे सोयरीक मोडाची कशावरून? हुंड्यावरून नाई, पत्रिकेवरून नाई, तं मेंढ्यायच्या एका बेटावरून? उद्या लोकायले काय सांगू, पोरीचं लगन काहून मोडलं? इंग्लंड आडवं आलं म्हनून?

शिवम काही उठला नाई. पन दामिनी उठली. नऊवारी सावरली, नथ सावरली, थेट दोघायच्या मधात येऊन उभी! म्हने, ‘गुरुजी, तुमी म्हनता तिथं राहनाऱ्यायले इचारा. मोठेबाबा, तुमी म्हनता मूळ घर पाहा. मी कवापासून पाटावर बसली हाओ, पाय मुंग्यायनं भरले, मले कोनं इचारलं काय? माहं मूळ घर हे हाये, ते कोनी मिटवू शकत नाई. अन् मले शिवमसंगच लगन करायचं हाये. झालं मतदान! मोठेबाबा, फोडा सुपारी.’

दादा तिच्याकडं पाहतच राह्यला. याच पोरीले त्यानं खांद्यावर बसवून बैलायचा पोया पाह्याले नेलं होतं. त्याचे डोये भरून आले, मूठ ढिली झाली. अडकित्ता घेतला अन् कटकन सुपारी फोडली. गुरुजीनं टोपी वापस खाली ठेवली अन् खुर्चीत बसले. माह्या जिवात जीव आला. दादा फक्त एवढंच म्हनला, ‘सुपारी फोडली, पन माल्विनास सोडलं नाई, सांगून ठेवतो!’ अन् बेट कोनाचं? जाऊ द्या ना भाऊ, वाढा आता!

लगन झालं. थाटात झालं. पोरगी गेली चांदूर बाजारले. घर कसं खायाले उठलं, सांगता येत नाई. मी म्हटलं, दिवाळसनाले येईनच. तं दिवाळीच्या आधी गुरुजीचा फोन! ‘गजेंद्रराव, सूनबाईचं पहिलं लक्ष्मीपूजन आमच्याकडे.’ मी शांत मानूस हो, तुमाले माहीत हाये. पन माहं डोकं असं सनकलं! म्हटलं, ‘काहून? पोरगी माही हाये! लहानाची मोठी म्या केली! तुमी काल घेऊन गेले अन् आज मालक झाले काय?’ मागून दादा वरडला, ‘शाबास गज्या! आता झाला तू अर्जेंटिनाचा!’ अन् गुरुजी तिकडून थंडपने म्हनतात, ‘भावना समजतो. पण रहिवाशांना विचारा.’

इचारलं. पोट्टीले फोन लावला. म्हटलं, बाई, तूच सांग, इकडं का तिकडं? तं म्हनते, ‘बाबा, तुमी भांडू नका. आमी दोघं दिवाळीले अंदमानले चाललो. तिकिटं काढली.’ दादानं मोबाइल हिसकला अन् घाबऱ्या-घाबऱ्या इचारलं, ‘दामू, ते तं आपलंच हाये ना वो? तिथं कोनाचा वाद नाई ना?’ ‘आपलंच हाये, मोठेबाबा!’

तं भाऊ, लक्ष्मीपूजनाले इकडं मी अन् आशा, तिकडं गुरुजी अन् इहिनबाई, दोन्ही देश आपापल्या अंगनात पनत्या लावून, चिवडा चघयत बसले... अन् ज्या बेटासाठी भांडलो, ते बेटच निंगून गेलं दुसरं बेट पाहाले!