पेठेतली तिसरी हाक

शरणम्मा : दिवा विझव आधी. साऱ्या पेठंत अंधार, अन् आपलंच घर रझाकारांना दावतीस व्हय?

शिवकांता : विझवला, आत्याबाई. पण आज हे येणार हायत ना, सोलापूरकडच्या लढ्याच्या कॅम्पातनं? ह्या अंधारात घर कसं घावायचं त्यांना?

शरणम्मा : वीरभद्र ह्याच मातीत रांगलाय, पोरी. डोळं बांधून सोडला तरी येईल. तू संक्रांतीला नांदायला आलीस, तुला काय ठावं पेठ! कान दे. कुत्री भुंकली?

शिवकांता : व्हय. लांब.

शरणम्मा : बोरी नदीच्या उताराची ती. नळदुर्गाच्या वेशीबाहेरची आपली पेठ तिथनं सुरू होती. आता पत्रा वाजंल बघ.

शिवकांता : वाजला!

शरणम्मा : सरकी काढायच्या जिनाच्या कुंपणाचा. कापसाच्या हंगामात त्या जिनापायी पेठंला झोप नसायची. मालक पळाला, निस्तं धुराडं उभं हाय.

शिवकांता : आता कायच ऐकू येईना.

शरणम्मा : पिराच्या लिंबाखाली असंल. तिथं पाला लई, पाय वाजत न्हाय. मारुतीच्या पारावरची वटवाघळं उडाली, की मंग आपलंच दार.

शिवकांता : उडाली, आत्याबाई! काटा आला माझ्या अंगावर.

शरणम्मा : दोन हाकांना ओ द्यायची न्हाय. भुताला तिसरी हाक मारता येत न्हाय.

आवाज (दाराबाहेरून) : अव्वा...

शिवकांता : हेच ते!

शरणम्मा : गप. किती घोगरा हाय! माझ्या लेकाचा आवाज असा न्हाय.

आवाज : अव्वा... दार...

शिवकांता : उघडते मी.

शरणम्मा : कडीला हात लावू नको! शेजारच्या चन्नबसप्पाला अशीच हाक आली, मेलेल्या भावाच्या आवाजात. पहिल्याच हाकंला उठून गेला. अजून घावला न्हाय.

आवाज : शिवकांता...

शिवकांता : तिसरी झाली, आत्याबाई!

शरणम्मा : झाली, पर नाव कुणाचं घेतलं? आपल्या घराण्यात कुठल्या बाप्यानं बायकोचं नाव घेतलंय? ह्याचा बा मरंपातूर मला 'अगं'च म्हणाला. हे माझं लेकरू न्हाय.

शिवकांता : पण, आत्याबाई...

शरणम्मा : काय पण?

शिवकांता : काय न्हाय.

शरणम्मा : मंग गळ्यातल्या लिंगाला हात लाव. शिव शिव म्हण.

शिवकांता : शिव... शिव...

(दाराला काहीतरी घासत खाली गेल्याचा आवाज. मग सगळं शांत.)

शरणम्मा : गेलं बघ. देवाच्या नावापुढं टिकत न्हाय असलं काय. मला तर वाटलं, आता जीवच जातोय. अन् तू रडतीस कशाला?

शिवकांता : लाज वाटली, आत्याबाई, तुमच्यापुढं सांगायची. दोघंच असलो, की हे मला नावानंच बोलवतात.