पहिल्या वर्षीचा बाण

(पुएब्ला शहर, ५ मे १८६३. शहराला फ्रेंचांचा वेढा. शोभेची दारू बनवणाऱ्या कासिमिरोच्या घरी तो, त्याची बायको रेफुहियो आणि गल्लीतली एदुविहेस. एदुविहेसच्या हातात शालीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट.)

रेफुहियो : नाही म्हणजे नाही! मक्याची अर्धी भाकरी उरलीय, हवी तर ती ने. पण हे परत गुंडाळ आणि घरी जा.

एदुविहेस : भाकरी मागायला नाही आले मी. कासिमिरोभावजी, तुम्ही बघा तरी.

कासिमिरो : आणा इकडं. अरे! हा तर तुमच्या नासारियोच्या हातचा शोभेचा बाण. काठीला दुहेरी पीळ तोच द्यायचा. काम शिकवताना, दोरा फुकट घालवतोस म्हणून किती ओरडायचो मी त्याच्यावर.

रेफुहियो : अहो, हातात काय घेताय! घरात चिमूटभर दारू सापडली तरी आपलेच शिपाई भिंतीपाशी उभं करून गोळी घालतायत. तुमची सगळी दारू लष्कराकडं जमा केलीत, ती काय हौसेनं?

एदुविहेस : स्वतःच्या लग्नासाठी करून ठेवला होता त्यानं. वर्षभर पलंगाखाली पडून होता.

कासिमिरो : मग आज का काढलात, वहिनी?

एदुविहेस : आज पाच मे ना!

रेफुहियो : असेल. पाच काय नि पंधरा काय! काल आम्ही संत्र्याचा पाला उकडून खाल्ला. पोटात काही असेल तर तारीख लक्षात राहते.

एदुविहेस : गेल्या वर्षी चौकात सरकारचं फर्मान वाचलं होतं. आपण फ्रेंचांना हरवलं, आता दर वर्षी हा दिवस देशाचा सण. तू शेजारीच उभी होतीस.

रेफुहियो : उभी कसली? तुला धरून होते. वाचणाऱ्याच्या अंगावर धावून जात होतीस. 'माझ्या पोरावरची माती अजून ओली आहे, नि हे सण कसले करतायत' म्हणून.

एदुविहेस : म्हणाले होते. तेव्हा नकोच होता मला तो सण. लोक गिटार वाजवत होते, मी दार लावून बसले. मेलं कोण नि नाचतंय कोण! पण आज सकाळी पाण्याच्या रांगेत उभी राहिले, तर एकाच्याही तोंडून शब्द नाही. कुणाच्या लक्षातच नाही गं. तशी घरी येऊन हा बाण बाहेर काढला.

कासिमिरो : लोकांचं तरी काय चुकलं, वहिनी? एवढं नावाजलेलं सैन्य आपण चिखलात लोळवलं. वर्ष व्हायच्या आत ते कितीतरी पटींनी वाढून परत आलं. ज्यांनी त्यांना हरवलं ते जनरलसाहेबही तापानं गेले. सण सुचायचा कुणाला?

एदुविहेस : मला सुचतोय. पहिल्याच वर्षी विसरले तर पुढं कोण आठवणार? माझा नासारियो शिपाई नव्हता. त्या दिवशी तुमची दारू टोपलीतून किल्ल्यावर पोचवायला गेला. तिथं माणसं कमी दिसली, म्हणून थांबला. त्याचं नाव कुठल्या दगडावर कोरणार आहेत? त्याच्या वाट्याला हा एवढा एक दिवस आलाय. तोही गेला, तर माझं पोर नुसतंच मेलं.

रेफुहियो : पण फ्रेंचांना खूण केली म्हणून आपल्याच शिपायांनी यांना उचललं तर? मला एकच नवरा आहे, बाई.

एदुविहेस : म्हणून तर त्यांना सोडायला सांगत नाही. ओल लागलीय, वात तेवढी बदलून द्या. सोडीन माझी मी.

कासिमिरो : तुम्ही? हात भाजून घ्याल.

रेफुहियो : झालं! तुमचं तोंडच सांगतंय की तुम्ही जाणार.

कासिमिरो : पोराच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप म्हणून मी उभा होतो, रेफुहियो.

रेफुहियो : मला सांगताय? माझ्या मांडीवर होता. माझा नवा घागरा भिजवला मेल्यानं. (बाणावर शाल टाकत) हिच्या अंगणातून नको. समोर चौकी आहे. आपल्या गच्चीवरून सोडा, धुराड्याच्या आडून.

कासिमिरो : आत्ता तर तू...

रेफुहियो : आता बोलत बसू नका. वात काढा. मेरीमातेच्या तसबिरीमागं लपवलीय ना? तुम्हाला वाटतं, मला दिसत नाही.

कासिमिरो : एवढीशीच तर ठेवलीय. बरं, किल्ल्यावरच्या तोफा सुरू झाल्या की त्या दणदणाटात सोडू. चौकीवर पत्ता लागायचा नाही. पण खरं सांगतो, वहिनी, भर उन्हात हा दिसायचा नाही, आणि तोफांपुढं ऐकूही यायचा नाही.

एदुविहेस : नको येऊ दे.

रेफुहियो : अगं, मग सोडायचा तरी कशाला?

एदुविहेस : पुढच्या वर्षी कुणी विचारलं, तर पहिल्या वर्षीही सोडला होता, एवढं सांगता येईल.