ठरलेलं वाक्य

भाची: ...तर तुझ्या कादंबरीची नऊ प्रकरणं मी एका बैठकीत वाचली, मामा. चहा गार झाला तरी कळलं नाही. तू तीस वर्षं कोर्टात जबान्या टाइप केल्यास, त्याचं चीज झालं म्हण. पण दहाव्यात माती खाल्लीस.

मामा: संपादकबाई, जरा सबुरीनं. काय चुकलं?

भाची: अशा रहस्यकादंबरीत वाचक वकिलावर संशय घेतो, बायकोवर घेतो, न्यायाधीशालाही सोडत नाही. फसला तरी खूश होतो, कारण मागची पानं चाळली की सगळं डोळ्यांपुढेच असतं. तुझा निर्दोष माणूस जन्मठेपेवर जातो कशानं, तर टाइप करणाऱ्याच्या सवयीनं. कोणाला पटेल?

मामा: न पटायला काय झालं? ओळख पटवणारा साक्षीदार असला की शेवटचं वाक्य ठरलेलं. 'कोर्टात हजर असलेला आरोपी तोच आहे.' जज्जसाहेबांनी मजकूर सांगायच्या आत बोटं टाइप करून मोकळी व्हायची.

भाची: साक्षीदार तसं म्हणाला नसला तरी?

मामा: म्हातारी होती ती. म्हणाली, अंगानं असाच होता, तोंड काही दिसलं नाही.

भाची: आणि आरोपीचा वकील काय झोपा काढत होता?

मामा: त्याच्या दुसऱ्या खटल्याचा शेजारच्या कोर्टात पुकारा झाला होता. घाईत उठून गेला.

भाची: सही करताना तिनं वाचलं नाही?

मामा: चष्मा घरी राहिला होता तिचा. आणि 'वाचून दाखवलं, बरोबर आहे' हेही आम्ही आधीच टाइप करून ठेवायचो.

भाची: चष्म्याचं पुस्तकात कुठे नाही.

मामा: नाही.

भाची: मामा, हे तू रचलेलं नाहीस.

मामा: सतरा वर्षं झाली. डोळा लागला की म्हातारी समोर येऊन बसते. रागावत नाही गं. सही कुठे करू, एवढंच विचारते.

भाची: आणि तो माणूस?

मामा: आतच आहे. निकालपत्रात माझं वाक्य दोनदा आलंय.

भाची: तेव्हाच का नाही बोललास?

मामा: निकाल टाइप करताना लक्षात आलं. तुझी मामी अंथरुणाला खिळलेली, नोकरी गेली असती. भ्यालो. पुढे जीभच उचलेना. म्हातारी वारली, आता माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. म्हटलं गोष्ट लिहू, कोणीतरी ओळखेल.

भाची: कोणी ओळखणार नाही. लोक वाचतील, वा म्हणतील आणि पुस्तक कपाटात ठेवतील.

मामा: लोक माझ्या तोंडात शेण घालतील, पोरी.

भाची: घालतील. मी असेन तुझ्याबरोबर.

(ती हस्तलिखित बाजूला सारते, कोरा कागद पुढे ओढते.)

मामा: हे काय?

भाची: उद्या वकिलाकडे जाऊ. आत्ता तू सांग, मी लिहून घेते. माझ्या पदरचा एक शब्दही घालणार नाही.