न चाखता केलेली जपानी कोंबडी

आमची राणी टायफॉइडमधून उठली, पण दोन घासांतच ताट सारायची. मी योगेश्वरी देवीला नवस बोलले, "पोरगी पोटभर जेवेपर्यंत कोंबडी तोंडाला लावणार न्हाई."

एक दिवस तिनंच मोबाइलवर पाहिलेली जपानी भाजलेली कोंबडी मागितली. पाटोद्याहून सोया सॉस आणवला, गूळ-आलं लावून तुकडे चुलीवर भाजले. नवसामुळं चाखता येईना, म्हणून मीठ अंदाजानंच टाकलं.

"आई, लई खारट हाय! भात वाढ!"

वाढला.

"अजून वाढ!"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, सॉसात मीठ असतंच की! चाखलं कावून न्हाई?"

भाताचं पातेलं रिकामं झालं होतं. तिथंच देवीला हात जोडले.

तुमचा नातू जेवत नाही ना, वहिनी? तुम्हीही नवस बोला. मीठ मात्र न चाखताच टाका!